बिब्ब्यातली गोडंबी

हिवाळ्यात मेळघाटात किंवा अकोटवरच्या नरनाळ्याच्या रानात बिब्बा शोधायचा तर आधी पानं बघा. वीतभरापासून हातभरापर्यंत लांब, जाड, टोकाकडे रुंद होत गेलेली पानं फांद्यांच्या शेंड्याला दाटीनं येतात. पान उलटलं की मागची बाजू फिकट, राखाडी दिसते. साल मात्र खरवडू नका. तिचा चीक वारा लागला की काळा पडतो आणि अंगाला लागला तर उततो.

फळाची ओळख सोपी आहे. देठाकडे नारिंगी, मांसल बोंड आणि त्याच्या टोकाला चपटा, काळा, चकचकीत बिब्बा. काजूची ठेवणही अशीच. दोन्ही झाडं आंब्याच्या कुळातली.

नारिंगी बोंडाला आपल्याकडे बिब्ब्याचं फूल म्हणतात. ओलं खाल्लं तर घसा धरतं. वाळवलं किंवा भाजलं की गोड लागतं.

खरी जपणूक काळ्या भागाची. त्याच्या टरफलात दाट, जहाल तेल असतं. परीट याच रसात चुना मिसळून कपड्यांवर खूण करत, आणि ती कितीही धुतलं तरी जात नसे. झाडाचं शास्त्रीय नाव सेमेकार्पस. ग्रीकमध्ये त्याचा अर्थच खुणेचं फळ. दारावर लिंबू-मिरचीसोबत ओवतात तोही हाच बिब्बा. पायात काटा मोडला की शेतकरी तापवलेल्या बिब्ब्याचा चटका देत. पण हे तेल कुणाला किती उतेल याचा नेम नाही, म्हणून आज तो प्रयोग करू नये. काहींचं तोंड नुसत्या धुरानंही सुजतं.

एवढ्या जहाल कवचाच्या आत पांढरी, गोडसर गोडंबी असते. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात ती नसली तर वऱ्हाडातल्या आजीला लाडू अपुरेच वाटतात. पण ती मिळते बिब्बे एकेक करून दगडानं फोडल्यावर. हे काम बहुतेक बायाच करतात. तेल उडून त्यांचे हात काळे पडतात, कातडी सोलवटते. गोडंबी महाग का, असं दुकानात विचारण्याआधी ते हात आठवावेत.

घरी आणल्यावर ती ताटात पसरून उजेडात निवडा. काळा डाग दिसलेली प्रत्येक बी बाजूला काढा; तो डाग टरफलातल्या तेलाचा असू शकतो.