गुडघ्यावरची सूज : प्रत्येक वेळी संधिवात नसतो

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी फरशीची कामे जोरात असतात. अशाच दिवसांत चाळिशीतला एक फरशी कारागीर दवाखान्यात आला. उजव्या गुडघ्याच्या वाटीवर लिंबाएवढा मऊ फुगवटा होता. दुखणे फारसे नव्हते. "डॉक्टरसाहेब, गुडघ्यात पाणी झालंय. सुईनं काढून टाका, उद्या कामावर जायचंय," असे त्याचे म्हणणे. पंधरा दिवस गुडघे टेकून बसू नका, असे मी सांगितले, गोळ्या दिल्या आणि तो गेला.

आठव्या दिवशी दोघांनी धरून त्याला आणले. काम थांबले नव्हते. शिवाय कोणीतरी सांगितले म्हणून सुजेवर बिब्बा लावला होता. तो उतला आणि कातडीला जखम झाली. गुडघा लालभडक, हात लावू देईना, अंगात ताप. रक्त तपासले तर साखर 300 च्या घरात! मधुमेह असल्याचे त्याला ठाऊकच नव्हते. साखर पहिल्याच दिवशी तपासायला हवी होती, ही माझीही चूक.

या आजाराला वैद्यकशास्त्रात बर्सायटिस म्हणतात. बर्सा म्हणजे पातळ आवरणाची, आत थेंबभर बुळबुळीत द्रव असलेली छोटी पिशवी. जिथे हाडावर कातडी किंवा स्नायूची दोरी सतत घासते, तिथे निसर्गाने अशा पिशव्या ठेवल्या आहेत. दाराच्या बिजागरीला आपण तेल घालतो, तसेच त्यांचे काम. एकट्या गुडघ्याभोवती अशा दहा-अकरा पिशव्या असतात. सततचा दाब, घर्षण किंवा मार यामुळे पिशवीचे आवरण सुजते, जास्त द्रव पाझरतो आणि फुगवटा दिसू लागतो.

वाटीसमोरची पिशवी सर्वांत जास्त वेळा सुजते. इंग्रजी पुस्तकांत याला 'हाउसमेड्स नी', म्हणजे मोलकरणीचा गुडघा, असे जुने नाव आहे. गुडघे टेकून फरशी पुसणाऱ्या बायका, फरशी बसवणारे, सुतार, नळकाम करणारे, कोणालाही तो होऊ शकतो. पन्नाशीच्या आसपासच्या, वजन जास्त असलेल्या स्त्रियांत गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या दोन-तीन इंच खाली असलेली पिशवी दुखते. जिना चढताना आणि रात्री कुशीवर गुडघ्याला गुडघा टेकला की कळ येते. मधुमेह किंवा गुडघ्याची झीज असेल तर हा त्रास अधिक आढळतो.

मग हा संधिवात नव्हे, हे ओळखायचे कसे? वाटीसमोरच्या पिशवीची सूज कातडीच्या लगेच खाली, वाटीच्या वर असते. सांधा आतून ठीक असतो. म्हणून पाय सरळ करता येतो, सपाटीवर चालता येते. मांडी घालताना किंवा उकिडवे बसताना मात्र कातडी ताणली जाऊन दुखते. सांध्याच्या आजारात दुखणे आतून येते, गुडघा आखडतो, हलवताना कुरकुरतो. अर्थात खात्रीची तपासणी डॉक्टरांकडूनच करून घ्यावी. गुडघ्याच्या मागे, लवणीत गाठ असेल तर तिचा संबंध बहुधा सांध्याशीच असतो. तिची तपासणी वेगळी करावी लागते.

साध्या सुजेवर पहिला उपाय विश्रांती. गुडघा टेकणे पूर्ण बंद. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये. बर्फ नसेल तर गार पाण्याची घडीही चालते. ताज्या, गरम लागणाऱ्या सुजेवर शेक देऊ नये, रगडून मालिश करू नये. लवचिक पट्टी बांधावी, पण पाय बधिर होईल इतकी घट्ट नको. बसताना पाय उंचावर ठेवावा.

दुखणे कमी करायला पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी सूजही उतरते, पण त्या जेवणानंतर आणि डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांना त्या घातक ठरू शकतात. दुकानातून परस्पर गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाणारे रुग्ण मी रोज पाहतो. बहुतेकांची सूज काही आठवड्यांत ओसरते. सुईने पाणी काढता येते, पण घर्षण चालूच राहिले तर ते पुन्हा भरते. 'ताकदीचे' म्हणून मिळणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन पू नसल्याची खात्री झाल्याशिवाय घेऊ नये. पिशवी शस्त्रक्रियेने काढण्याची वेळ क्वचितच येते.

सूज उतरली की मांडीचे स्नायू बळकट करावेत. उताणे झोपून, गुडघा न वाकवता पाय वीतभर उचलावा, दहा आकडे मोजावेत, सावकाश खाली आणावा. असे सकाळ-संध्याकाळ दहा वेळा करावे.

पुढील लक्षणे दिसली तर मात्र एक दिवसही थांबू नये : सूज लाल आणि गरम होणे, दुखणे झपाट्याने वाढणे, ताप किंवा थंडी वाजणे, सुजेवर जखम असणे. याचा अर्थ पिशवीत जंतू शिरले असण्याची शक्यता आहे. वाटीसमोरची पिशवी कातडीलगत असल्याने साध्या खरचटण्यातूनही जंतू आत जातात. मधुमेह्यांनी विशेष जपावे. अशा वेळी सुईने द्रव काढून तपासतात आणि प्रतिजैविके देतात. त्यांचा कोर्स पूर्ण करावा. बरे वाटले म्हणून चौथ्या दिवशी सोडू नये. गाऊट या विकारातही गुडघा असाच लाल होतो. द्रवाच्या तपासणीत तेही कळते.

आमच्या कारागिराला तालुक्याच्या रुग्णालयात पाठवावे लागले. पू काढला, साखर आटोक्यात आणली. तरी ऐन हंगामातली महिनाभराची मजुरी बुडाली. पंधरा दिवसांच्या विश्रांतीत हे टळले असते. पण हातावर पोट असणाऱ्याला विश्रांती घ्या म्हणणे सोपे, घेणे अवघड, हेही मला कळते.

म्हणून प्रतिबंध महत्त्वाचा. गुडघ्याला बांधायच्या जाड गाद्या मिळतात. नसेल तर गोणपाटाची जाड घडी किंवा फोमचा तुकडा गुडघ्याखाली घ्यावा. अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाय मोकळे करावेत. घरात फरशी पुसायला लांब दांड्याचे पुसणे आणावे. कामाला बाई येत असेल तर तिच्याही हाती तेच द्यावे.

तो कारागीर आता गुडघ्यांना गाद्या बांधूनच फरशी बसवतो. दर महिन्याला साखर तपासायला येतो, आणि हाताखालच्या पोरांनाही गाद्या बांधायला लावतो.