कांदा, द्राक्षे आणि देशाची पत

नाशिक जिल्ह्यातून द्राक्षे परदेशी जातात, तसा कांदाही जातो. जिल्हा तोच, बंदर तेच, आणि पुष्कळदा शेतकरीही तोच. तथापि परदेशी बाजारात या दोन मालांची पत सारखी राहिलेली नाही. आणि हा फरक मातीने किंवा हवामानाने निर्माण केलेला नाही.

२०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांवर संकट कोसळले. क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाचा अंश तेथील तपासणीत मर्यादेपेक्षा अधिक आढळला. माल अडकून पडला आणि ऐन हंगामात बागाईतदारांचे हिशेब कोलमडले. येथील तपासणीच्या यादीत हे द्रव्य नव्हतेच. नियमांचा जाच म्हणून ओरड करण्यास जागा होती, ती झालीही. पण तेवढ्यावर कोणी थांबले नाही. ते द्रव्य यादीत आले. प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंदणी, नमुन्यांची तपासणी आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढण्याची ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था आधीपासून होती. तिची शिस्त अधिक काटेकोर झाली. बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ मध्ये महाग्रेप्स स्थापन केली, तेव्हापासूनच हे वळण पडत आले होते. युरोपातील दुकानदार आज हे द्राक्ष घेतो ते केवळ स्वस्त मिळते म्हणून नव्हे. ठरल्या दर्जाचे, ठरल्या वेळी मिळेल असा भरवसा वाटतो म्हणून.

कांद्याची कथा उलट आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यात बंद झाली, मार्च २०२० मध्ये खुली झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पुन्हा बंद. जानेवारी २०२१ मध्ये ती परत सुरू झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क बसले, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर असे किमान निर्यातमूल्य ठरले आणि ८ डिसेंबरपासून संपूर्ण बंदी आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण शुल्क राहिले. ते पूर्णपणे हटण्यास १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. भारत हा जगातील पहिल्या दोन कांदा-उत्पादक देशांपैकी एक. परंतु ढाक्याच्या किंवा कोलंबोच्या व्यापाऱ्याला या थोरवीचा काय उपयोग? पुढच्या महिन्यात माल येईल की नाही, एवढेच त्याला कळावयाचे असते. चौथ्या अधिसूचनेनंतर तो विचारणे सोडून देतो.

बांगलादेशाने नेमके हेच केले. २०१९च्या बंदीनंतर तेथे कांदा इतका महागला की तो विमानाने आणावा लागला. मग म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, चीन, पाकिस्तान अशी नवी दारे ठोठावली गेली. आणि घरचे पीक वाढविण्याचा कार्यक्रमही सुरू झाला. बिगरहंगामी कांद्यासाठी तेथील शेतकऱ्यांना जे बियाणे पुरविण्यात आले, त्यातील एका वाणाचे नाव ‘नासिक रेड एन-५३’! कांदा रोखला, बियाणे मात्र गेले. २०२५ मध्ये भारताचे दार उघडले, तेव्हा आपल्या शेतकऱ्यांच्या रक्षणासाठी बांगलादेशानेच आयात बराच काळ रोखून धरली.

याहून मोठी चूक याहून मोठ्या देशाने केलेली आहे. जून १९७३ मध्ये देशांतर्गत भाववाढीला घाबरून अमेरिकेने सोयाबीनची निर्यात थांबविली. हा निर्बंध काही महिन्यांतच संपला. पण सोयाबीनसाठी मुख्यतः अमेरिकेवर विसंबलेल्या जपानला तेवढा धक्का पुरला. जपानने ब्राझीलमधील सेराडो या नापीक समजल्या जाणाऱ्या पठारावर शेती उभी करण्यास पैसा आणि तंत्रज्ञान पुरविले. इतरही कारणे होतीच, तथापि सोयाबीनच्या निर्यातीत आज ब्राझील अमेरिकेच्या पुढे आहे.

ग्राहकाचे हित गौण आहे, असा याचा अर्थ नव्हे. पगारावर घर चालविणाऱ्या कारकुनाला वा शिक्षकाला कांदा किलोमागे ऐंशी रुपयांवर गेला की महिन्याचा मेळ बसत नाही. आणि १९९८च्या दिल्ली निवडणुकीनंतर कोणतेही सरकार ही गोष्ट विसरू शकत नाही. प्रश्न उपायाचा आहे. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि नवा लाल कांदा येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, तोच चाळीतून पुरवावा लागतो. दमट हवेत तो सडतो, कोंब धरतो, वजन घटते. भाव भडकतात ते बहुधा याच शेवटच्या काही आठवड्यांत. साठवणुकीतील ही नासाडी कमी करणे हे खर्चाचे आणि सावकाशीचे काम आहे. अधिसूचना मात्र एका रात्रीत निघते. साहजिकच मोह दुसऱ्याच उपायाचा होतो, आणि त्याची किंमत चाळ भरून बसलेला निफाड-येवल्याचा शेतकरी चुकवितो.

भाव किती चढल्यावर किती शुल्क लागेल, याचे कोष्टक उन्हाळ कांद्याची लागण सुरू होण्यापूर्वी, डिसेंबरच्या आधीच जाहीर करता येण्यासारखे आहे. मग लासलगावच्या व्यापाऱ्याला सौदा करताना आणि कोलंबोच्या व्यापाऱ्याला मागणी नोंदविताना एकच कागद पाहता येईल.