टॉवरच्या पाठीमागचा रस्ता

लेखांक सातवा

"टॉवर फुल्ल दाखवतो, पण व्हिडिओ नुसता फिरत बसतो." यावल-चोपड्याकडची ही तक्रार खरी असते, आणि टॉवर फुल्ल दाखवणारा फोनही खोटं बोलत नसतो. त्याच्या दांड्या फक्त फोनपासून टॉवरपर्यंतची वाट कशी आहे ते सांगतात. टॉवरपासून कंपनीच्या मुख्य जाळ्यापर्यंतचा जो पुढचा रस्ता, त्याला बॅकहॉल म्हणतात. त्याची हालहवाल फोनला दाखवता येत नाही.

मागच्या आठवड्यात आपण टॉवरवरच्या उभ्या, लांबट अँटेना पाहिल्या. त्यांच्याच आसपास ढोलकीच्या तोंडासारखी गोल डिश दिसते. ती गावाकडे पाहत नाही, दुसऱ्या टॉवरकडे पाहते. बॅकहॉलचा दुसरा मार्ग म्हणजे जमिनीखालची फायबर, ती मुख्यतः मोठ्या रस्त्यांच्या आणि रुळांच्या कडेनं जाते. खानदेशात म्हणजे मुंबई-आग्रा रोड, धुळे-जळगाव-भुसावळ महामार्ग आणि सुरत-भुसावळ रेल्वे. शिरपूर आग्रा रोडवरच आहे, त्यामुळे तिथं काम सोपं. तिथून बोराडीच्या अंगाला सातपुड्याकडे वळलं, की डिशशिवाय भागवणं अवघड होतं.

डिशला समोरची डिश दिसावी लागते, आणि नुसती रेघ मोकळी असून चालत नाही. 15 गिगाहर्ट्झचा, 12 किलोमीटरचा दुवा घेतला तर मधोमध त्या रेघेभोवती साधारण साडेसात मीटर त्रिज्येची जागा बरीचशी मोकळी लागते. वाढलेलं कडुलिंबाचं झाड तिथं आड येऊ शकतं. तापीकाठच्या सपाटीवर डोंगर आड येत नाहीत, पण सपाटीचंही एक दुखणं असतं. रात्री जमीन निवते, खाली गार नि वर उबदार हवेचे थर बसतात, आणि लहर दोन वाटांनी पोचून स्वतःलाच खोडून काढते. हतनूरच्या जलाशयासारखं मोठं पाणी मध्ये असेल तर त्यावरून परावर्तन होऊनही हेच घडू शकतं.

पावसाचं गणित वेगळं. कोकणाच्या मानानं खानदेशात पाऊस कितीतरी कमी, मग काळजी कसली? पण दुव्याला वर्षाच्या बेरजेशी देणंघेणं नसतं. त्या घडीला तो किती जोरानं कोसळतो, एवढंच मोजलं जातं. तासाला 50 मिलिमीटर वेगाची सर आली, तर 15 गिगाहर्ट्झवर दर किलोमीटरला सुमारे 3 डेसिबल घट होते. 80 गिगाहर्ट्झच्या आसपास तीच घट 18 च्या घरात जाते. म्हणून वरच्या पट्ट्यातले दुवे आखूड ठेवावे लागतात.

आता पैसा. फायबरचा मोठा खर्च चर खणण्यात आणि परवानग्यांमध्ये जातो, त्यामुळे अंतर वाढलं की तो वाढतच राहतो. डिशच्या जोडीचा खर्च मात्र 5 किलोमीटरला आणि 15 किलोमीटरला फारसा बदलत नाही. लहरींचं भाडं कसं ठरतं, हे अधिक रंजक आहे. 2006 मध्ये ठरलेल्या पद्धतीत बॅकहॉलच्या पहिल्या 28 मेगाहर्ट्झच्या जोडपट्ट्याला एजीआरच्या, म्हणजे सरकारी व्याख्येतल्या महसुलाच्या, 0.15 टक्के पडतात. पुढच्या पट्ट्यांचा दर चढत जातो. हा महसूल जिल्ह्याचा नव्हे, मुंबई वगळून महाराष्ट्र आणि गोवा मिळून होणाऱ्या सर्कलचा. म्हणजे चोपड्यातल्या दुव्याच्या लहरींचे पैसे पुण्याच्या कमाईतूनही जातात. पट्टा एकदा हाती आला, की तो सातपुड्याच्या पायथ्याशी आणखी किती ठिकाणी वापरला यानं भाडं बदलत नाही. मला ही पद्धत ग्रामीण भागाच्या बाजूची वाटते, कुणी मुद्दाम तशी आखली असेल-नसेल.

अडचण येते ती साखळीमुळे. टॉवरामागे टॉवर जोडत गेलं, की फायबरजवळच्या पहिल्या दुव्यावर मागच्या सगळ्या गावांचा भार पडतो. पांझरेच्या फडात पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी असतो, तो शेवटच्या शेतालाही पाळी देतो. इथं पाटच अरुंद असेल तर संध्याकाळी सगळेच तहानलेले. एका 28 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून सेकंदाला साधारण दीड-पावणेदोनशे मेगाबिट जातात. 4जीच्या एखाद्या टॉवरला ते पुरेल. 5जीचा एकच भरलेला टॉवर गिगाबिटची भाषा बोलतो.

म्हणूनच जून 2022 मध्ये 5जी लिलावाला मंजुरी देताना केंद्रीय मंत्रिमंडळानं ई-बँडमधले, म्हणजे 71 ते 86 गिगाहर्ट्झच्या टापूतले, 250 मेगाहर्ट्झचे दोन पट्टे तात्पुरते देण्याचं ठरवलं. 13, 15, 18 आणि 21 गिगाहर्ट्झमधले पट्टेही दुप्पट करण्याचा निर्णय झाला. 2023 च्या दूरसंचार कायद्यानं बॅकहॉलला लिलावाबाहेर, प्रशासकीय वाटपाच्या यादीत ठेवलं. जळगाव-धुळे शहरांत टॉवर जवळजवळ असतात, तिथं ई-बँड छान बसतो. सातपुड्यातल्या पालच्या वाटेवर दोन टॉवरांमधलं अंतरच त्याला झेपत नाही. तिथं जुने, अरुंद पण लांब पल्ल्याचे पट्टे एकत्र जोडणं किंवा सरळ चर खणणं, एवढेच मार्ग उरतात.

तो चर रस्त्याकडेनं खणायचा तर परवानगी कुणाची आणि दर कोणता, ते पुढच्या लेखांकात.