मळीच्या पाण्याचा अर्धा हिशेब

मद्यार्काच्या एका लिटरमागे आठ ते पंधरा लिटर मळीचे पाणी निघते. काळपट, आम्लधर्मी व उग्र वासाचे हे पाणी ओढ्यात शिरले की तेथील प्राणवायू संपवून टाकते. फैजपूरच्या मधुकर सहकारी साखर कारखान्याला मद्यार्कनिर्मितीची जोड मिळाली, तो मुलूख यावल-रावेरच्या केळीबागांचा आहे आणि त्या बागा विहिरी व कूपनलिकांवर पोसल्या जातात. धुळ्याची पांझरा उन्हाळ्यात कोरडी पडते. घाण वाहून नेण्यास पाणीच नसेल, तर ती जमिनीत जिरते.

या दुखण्यावरील औषध मात्र, आश्चर्य म्हणजे, कमाई करून देणारे आहे. हवाबंद टाकीत जंतू पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये खातात व मिथेन वायू सोडतात. माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्यापासून असा वायू मिळवला गेला होता. तेव्हा कल्पना जुनीच. अडचण होती ती जंतूंच्या मंद वाढीची. पाणी वेगाने सोडावे, तर जंतूही वाहून जात. १९६९ मध्ये यंग व मॅकार्टी या अमेरिकी संशोधकांनी दगडांनी भरलेल्या टाकीचा प्रयोग प्रसिद्ध केला. जंतूंचा थर दगडांना व त्यांच्यामधील फटींना धरून राहिला आणि पाणी पुढे गेले. बिअर कारखान्यांचे सांडपाणी पातळ पण विपुल असते. त्याला तर अशी युक्ती फारच उपयोगी. शिवाय हे जंतू काही महिने उपाशी तग धरतात, हे हंगामी कारखान्यांच्या सोयीचे आहे.

समजा, एक कारखाना रोज ३० हजार लिटर मद्यार्क काढतो व त्याचे ३ लाख लिटर मळीचे पाणी होते. त्यातील सुमारे दोन तृतीयांश सेंद्रिय भार नष्ट झाला, तर अंदाजे ७ हजार घनमीटर मिथेन मिळावा. बाष्पकाचे इंधन वाचते, कर्ज फिटते. यासाठी कोणत्याही संचालक मंडळाला उपदेश करावा लागत नाही.

खरा पेच यापुढे आहे. वायू काढून घेतलेले पाणीही तपकिरीच असते, त्यात क्षार असतात आणि त्याची जैविक प्राणवायूची मागणी लिटरमागे कित्येक हजार मिलिग्रॅम उरते. नदीत सोडण्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. हा उरलेला टप्पा, म्हणजे बाष्पीभवन, खतनिर्मिती किंवा ज्वलन, मुख्यतः खर्चाचाच. अर्थशास्त्र ज्याला बाह्य खर्च म्हणते, तो नेमका येथे जन्म घेतो: कारखान्याचा फायदा संपतो व शेजाऱ्याच्या विहिरीचे नुकसान सुरू होते.

कायद्याची उणीव नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ सालीच, केंद्राच्या पाच वर्षे आधी केला. २००३ च्या सनदेने आसवन्यांना २००५ अखेरपर्यंत सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची मुदत घातली. परंतु चाळीसगाव व शिरपूर येथील सहकारी साखर कारखाने दीर्घकाळ बंद पडलेले खानदेशाने पाहिले आहेत. तोट्यातले मंडळ पहिली कात्री कोठे लावील, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून वायूपासून होणाऱ्या बचतीचा ठराविक हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवून तो दुसऱ्या टप्प्यावरच खर्च करण्याची अट प्रदूषण मंडळाने संमतिपत्रातच घालावी. मक्यापासून इथेनॉल काढण्याचे बेत मक्याच्या या पट्ट्यातही होत राहणार. त्यांना कर्ज देणाऱ्या बँकांनीही हे खाते आधी तपासावे.