हातपाय धड, मग कसला दिव्यांग?

सिव्हिल हॉस्पिटलात दाखल्यासाठी लागलेल्या रांगेत कुबड्या किंवा पांढरी काठी घेतलेल्यांना कोणी काही विचारत नाही. तिथंच तिशीतला धडधाकट मुलगा आईसोबत उभा असला, की मागून आवाज येतोच : "हातपाय तर धड आहेत, याला कशाला अपंगाचा दाखला?" नातेवाईक हेच म्हणतात, शेजारी हेच म्हणतात. पुढं पुढं त्या आईलाही ते पटू लागतं आणि ती रांगेतून परत जाते. नुकसान होतं ते इथं.

मानसिक आजार हे कायद्यानं अपंगत्व आहे, आणि ते काही काल-परवा ठरलेलं नाही. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत मानसिक आजार होता. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं ते प्रकार 21 केले, त्यांतही तो आहे. तीस वर्षं उलटली तरी रांगेतलं ते वाक्य तसंच आहे.

"पण मन मोजणार कसं?" मोजत नाहीतच. मोजतात ते आजारामुळे रोजच्या जगण्यात काय अडतं ते. त्यासाठी 'आयडियाज' नावाची भारतीय मोजपट्टी आहे. तिच्यात चार गोष्टी पाहतात : स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकीला शून्य ते चार गुण. अडचण जितकी जास्त, तितके गुण जास्त. आजार किती काळ आहे, त्याचे एक ते चार गुण वेगळे. एकूण 20. सात गुण झाले की 40 टक्के, आणि बहुतेक योजनांचं दार 40 टक्क्यांनाच उघडतं. समजा, चार गोष्टींत मिळून पाच गुण आणि काळाचे दोन, तर टक्केवारी बसली.

म्हणून "डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया लिहून दिलाय, म्हणजे दाखला मिळणारच" हेही खरं नाही. निदान लागतंच, पण एकाच आजाराच्या दोघांपैकी एक नोकरी सांभाळतो आणि दुसऱ्याला अंघोळीचीही आठवण करून द्यावी लागते. दोघांची टक्केवारी सारखी कशी येईल?

घरच्यांची एक चूक इथं फार महागात पडते. तपासणीच्या दिवशी मुलाची दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून त्याला नेतात. डॉक्टरांनी विचारलं, की लाजेखातर सांगतात, "सगळं स्वतःचं स्वतः करतो हो." खरं तर पहाटेपासून आई त्याच्यामागे असते. तिचे ते कष्ट कागदावर येत नाहीत, गुण कमी पडतात, आणि मग "वशिल्याशिवाय दाखला मिळत नाही" अशी चर्चा गावभर होते.

2024 मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या, मानसिक आजारासह अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांवरून वाद झाला आणि "मानसिक म्हणजे खोटंच" म्हणणाऱ्यांना जोर चढला. प्रमाणपत्रांची छाननी व्हायलाच हवी. पण 2011 च्या जनगणनेत देशभरात मानसिक आजारामुळे अपंग म्हणून नोंदले गेले जेमतेम सव्वासात लाख लोक. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मात्र शंभरातल्या सुमारे दहा प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. प्रत्येक विकार अपंगत्वापर्यंत जात नाही, हे मान्य. तरीही या आकड्यांत दिसतात ते प्रामुख्यानं नोंदीपर्यंत न पोचलेले लोक.

"दाखला घेतला की वेडा ठरतो, जमीन जाते, मत जातं." साफ चूक. केवळ मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून कोणी 'अस्थिर मनाचा' ठरत नाही, त्यासाठी न्यायालयानंच तसं ठरवावं लागतं, असं 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं तिसरं कलम सांगतं.

"गोळ्यांनी बरा आहे, आता हक्क संपला." बायपोलर आजार असलेल्या एका उमेदवाराला न्यायिक सेवेतली राखीव जागा, अपंगत्व कायमचं नाही म्हणून नाकारली होती. 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला.

"मतिमंदत्व आणि मानसिक आजार एकच." कायद्यात दोन्ही वेगळे आहेत, म्हणून अर्जात चुकीच्या रकान्यावर खूण करू नये.

"दाखला मिळाला की पैसे सुरू." नाही. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात वेगळा अर्ज करावा लागतो आणि तिथं उत्पन्नाची अटही आहे.

दाखल्याला मुदत असेल, तर ती संपण्याआधी नूतनीकरण करावं. नाकारला गेला, तर 2016 च्या कायद्याच्या 59 व्या कलमाखाली अपील करता येतं. आणि तपासणीला जाण्याआधी महिनाभर घरच्यांनी एका वहीत लिहून ठेवावं : अंघोळीला किती वेळा मागे लागावं लागलं, किती रात्री झोप नव्हती, कामावर किती दिवस गेला, गोळ्या कोणी दिल्या. ती वही डॉक्टरांसमोर ठेवावी, आणि त्या दिवशी दाढी राहिली तर राहू द्यावी.