वर्गात एकशेवीस जण आणि विषय ‘सरकार’

‘सरकार’ म्हटलं की गोव्यातल्या अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा काय आठवतं? नोकरी! आमच्या कारापूर-साखळी भागात तर ‘सरकारांत लागलो’ एवढं म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. पण सरकार चालतं कसं, कोणता निर्णय कोण घेतं, आपण त्यात कुठे बसतो, हे विचारलं की गाडी अडते. ही अडचण फक्त गावाकडची नाही. आपल्या मंडळातल्या तरुण मंडळींना अमेरिकेची निवडणूक कशी होते ते बऱ्यापैकी ठाऊक असतं, पण आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, ते माहीत नसतं.

माझी मावसबहीण उत्तर गोव्यातल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाचा वर्ग एकशेवीसचा. त्यातले निम्मे जण दुसरा विषय मिळाला नाही म्हणून आलेले. तिच्याशी फोनवर बोलताना मी म्हटलं, “ताई, एवढ्या पोरांना जागं कसं ठेवतेस?” ती म्हणाली, “अरे, जागी असतातच रे ती. फक्त मोबाईलमध्ये असतात.” वर्गात तिला सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न एकच : “मॅडम, हें पेपराक येतलें?”

मोठा वर्ग आणि कंटाळलेली मुलं ही गोष्ट जगभर सारखीच आहे. हार्वर्डमध्ये मायकल सँडेल हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक ‘न्याय’ या विषयाचा कोर्स घेत. तो सँडर्स थिएटर नावाच्या मोठ्या नाट्यगृहात भरायचा आणि काही वर्षी विद्यार्थ्यांचा आकडा हजाराच्या घरात जायचा. २००९ पासून ती व्याख्यानं इंटरनेटवर मोफत आहेत, जरूर बघा. सँडेल व्याख्या सांगून सुरुवात करत नाहीत. ते एक पेच टाकतात, “तुम्ही काय केलं असतं?” असं विचारतात, हात वर करायला लावतात आणि मग एकेकाला नाव विचारून बोलतं करतात. पाच मिनिटांनी दुसऱ्याचा मुद्दा आला की पहिल्याचं नाव घेऊन विचारतात, “याला तुझं उत्तर काय?” हजारांच्या गर्दीत स्वतःचं नाव ऐकलेला मुलगा पुन्हा झोपत नाही.

हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकात वेगळी युक्ती काढली. एक प्रश्न विचारायचा. प्रत्येकाने मनाशी उत्तर ठरवून मत द्यायचं. मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं. दुसऱ्या फेरीत बरोबर उत्तरं वाढतात, कारण नुकतंच समजलेला मित्र कधी कधी मास्तरांपेक्षा चांगलं समजावतो. याला महागडी यंत्रं लागत नाहीत, हात पुरतात.

आपल्याकडेही असा वारसा आहे. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनम कॉलेजात एक तरुण प्राध्यापक अर्थशास्त्र शिकवायला आले. त्यांची तयारी एवढी कसून असे की दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही त्यांच्या तासाला येऊन बसत. ते प्राध्यापक म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्यही झाले. राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचा अध्यक्ष आधी वर्गात उभा राहून शिकवणारा माणूस होता, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

ताईने या सगळ्यातलं आपल्याला झेपेल तेवढं उचललं आणि उदाहरणं मात्र घरची घेतली. आमच्या भागात ती शोधावी लागत नाहीत.

पहिलं उदाहरण खाणींचं. डिचोली तालुक्यातल्या किती घरांची चूल ट्रकच्या चाकांवर चालायची ते सांगायला नको. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ लीजचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्यावर काम पुन्हा थांबलं. ताई वर्गात विचारते : “खाणी बंद करायचा अधिकार कोणाचा? पंचायतीचा, राज्याचा, केंद्राचा की न्यायालयाचा?” पहिल्या फेरीत हात चारही बाजूंना जातात. मग शेजाऱ्याशी बोला म्हटलं की वर्गाचा बाजार होतो. एकाच्या बापाचा ट्रक अंगणात उभा राहून गंजलेला असतो, तर दुसऱ्याच्या शेतात खाणीची माती आलेली असते. खनिजाबाबत केंद्राचा कायदा काय, लीज देणारं राज्य काय, त्यावर न्यायालय काय बघतं, हे त्या दिवशी कोणी ‘पेपराक येतलें?’ म्हणून विचारत नाही.

दुसरं उदाहरण १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाचं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. डिचोली-पेडण्यात विलीनीकरणाची बाजू भक्कम होती, त्यामुळे बऱ्याच घरांत आजोबांच्या आठवणी अजून ताज्या आहेत. मुलांनी घरी विचारून यायचं, त्या काळची बाजू मांडायची आणि वर्गात पुन्हा मतदान घ्यायचं. अट एकच : आपल्या घराच्या विरुद्ध बाजूने बोलायचं. दुसऱ्याची बाजू नीट मांडता आली पाहिजे, हे लोकशाहीचं अर्धं शिक्षण इथेच होतं.

तिसरं उदाहरण आकड्यांचं. ‘माझ्या एका मताने काय होणार?’ असं म्हणणाऱ्याला ती २०२२ च्या विधानसभा निवडणुकीचे निकाल दाखवते. साखळीत जिंकणारा ६६६ मतांनी जिंकला, डिचोलीत ३१८ मतांनी, सांत आंद्रेत फक्त ७६ मतांनी. ७६ म्हणजे वर्गातल्या दोन-तीन बाकांच्या रांगा! एवढं सांगितलं की हॉल गप्प होतो.

आता व्यवस्थेचा भाग, इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. एकशेवीस जणांना एकाच माणसाने सांभाळायचं म्हणजे सगळा ट्रॅफिक एकाच सर्व्हरवर टाकण्यासारखं. म्हणून तिने वर्गाचे पंचायतवार गट केले. कारापूर-सर्वणची मुलं एका गटात, मये-पिळगावची दुसऱ्या. प्रत्येक गटावर तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी नेमला. गटाने आपल्या ग्रामसभेला जाऊन बसायचं, कोणते प्रश्न आले, कोण बोललं, उत्तर काय मिळालं, हे एका पानावर लिहायचं. शेवटच्या एका परीक्षेवर सगळा भार न टाकता दर आठवड्याला दोन छोटे प्रश्न. त्यामुळे कोण मागे पडतंय ते सत्राच्या शेवटी नाही, दुसऱ्या आठवड्यातच कळतं. आमच्या भाषेत याला मॉनिटरिंग म्हणतात, तिच्या भाषेत लक्ष ठेवणं.

सगळे सुधारतात का? नाही. शेवटच्या बाकावरचे काही जण तिथेच राहतात, हे तीही मान्य करते. शिवाय हे तपासायला तिचे रविवार जातात, त्याचा वेगळा मोबदला नाही. पण एका मुलीने ग्रामसभेत उभं राहून रस्त्याचा हिशेब विचारला. उत्तर मिळालं नाही, तेव्हा तिने दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं हे तिला पाठ होतं, कारण ते तिने वापरलं होतं. ताई म्हणते, “तिला किती मार्क पडले ते मला आठवत नाही.”

आपल्यासाठी यात काय आहे? आपण गाव सोडून शहरात स्थिरावलो. गावात सरपंच ओळखीचा असतो. शहरात फ्लॅटचं दार लावलं की सरकार बिलापुरतं उरतं. ते परत ओळखीचं करायला कॉलेज लागतंच असं नाही. येत्या गणेशोत्सवात गाण्यांच्या भेंड्यांबरोबर एक तास ‘वॉर्डाची भेंडी’ ठेवून बघा : आपल्या भागाचं पाणी, कचरा, रस्ता कोणाच्या अखत्यारीत? आधी हात, मग शेजाऱ्याशी भांडण, मग पुन्हा हात.

आणि घरात सतरा पूर्ण झालेलं कोणी असेल, तर फॉर्म ६ आताच भरता येतो. नाव यादीत यायला अठरा पूर्ण व्हावी लागतात, आणि त्यासाठी आता वर्षात चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. मुलाला फॉर्म भरून देऊ नका. शेजारी बसा आणि त्यालाच भरू द्या.