मालाला मुदत, मार्गाला नाही

१ आणि २ जानेवारी २०२४ या दोन दिवशी देशभर ट्रकचालकांनी वाहने उभी केली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, हे वाचकांच्या स्मरणात असेल. निष्काळजीपणाने वाहन चालवून मृत्यूस कारण होणारा आणि पोलिसांना न कळविता पळून जाणारा चालक दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र ठरावा, अशी तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये करण्यात आली होती. जमावाच्या मारापासून जीव वाचवावयाचा तर पळण्यावाचून गत्यंतर नसते, अशी चालकांची बाजू होती. दुसऱ्या दिवशी सायंकाळी केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांशी चर्चा केली, संप मिटला आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा हे उपकलम स्थगित ठेवण्यात आले.

शहरांनी हा संप मोजला तो पेट्रोलच्या रांगांनी. वर्धा जिल्ह्यात जानेवारी म्हणजे कापसाच्या आवकेचा भर. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी, सेलू येथून रुईच्या गाठी बाहेर पडावयाच्या त्या याच दिवसांत. वाहतुकीच्या प्रत्येक नियमाचा आणि प्रत्येक व्यत्ययाचा खर्च अखेर कोणाच्या खाती पडतो, हा प्रश्न म्हणूनच येथे विचारावयास हवा.

उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही देता येईल. रुईचा भाव कोइम्बतूर वा मुंबईच्या बाजारात, आणि त्याच्याही पलीकडे न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराच्या कलाने ठरतो. त्यातून वाहतूक, हुंडेकऱ्याची दलाली, व्याज, विमा, जिनिंग-प्रेसिंगचा खर्च वजा जाता जे उरते तो शेतकऱ्याचा भाव. गिरणीमालक वाढलेला खर्च मागे ढकलतो, व्यापारीही ढकलतो. ज्याच्या मागे कोणीच उभे नाही, त्याच्यापाशी तो येऊन थांबतो. समजा, शंभर गाठींचा, म्हणजे सतरा टनांचा, एक ट्रक वाटेत अडकला आणि पाच हजार रुपयांचा जादा खर्च झाला. किलोमागे तो तीस पैशांच्या आत भरतो. एक क्विंटल कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते असे धरले, तर क्विंटलमागे दहा रुपये झाले. वीस क्विंटल पिकविणाऱ्याचे दोनशे रुपये! रक्कम क्षुल्लक आहे, म्हणूनच तिच्याविषयी कोणी तक्रार करीत नाही. परंतु एक लाख क्विंटल आवकेच्या बाजारपेठेत हीच रक्कम दहा लाखांची होते. भारतीय कपास निगम हमीभावाने खरेदी करीत असेल तर हा भार काही अंशी सरकार उचलते, हे मान्य केले पाहिजे. पण ही खरेदी सदैव आणि सर्वत्र चालू असते असे नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीने ती थांबली, कापूस घराघरांत पडून राहिला आणि पावसाळा तोंडावर आला तरी खरेदी रेंगाळतच होती.

नियम नकोत, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे मुळीच नाही. जकातीचे नाके ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना १ जुलै २०१७ नंतरचा रस्ता निश्चितच मोकळा वाटला असेल. ज्यांनी १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी योजना अनुभवली, त्यांना तर याहून अधिक आठवत असेल: कापूस राज्याबाहेर नेण्यास बंदी, आणि शेजारच्या राज्यात भाव चढला की रातोरात पांढुर्ण्याकडे वा आदिलाबादकडे निघणाऱ्या गाड्या. स्वतःच्या शेतातला माल चोरून न्यावा लागणे, ही अवस्था आता उरलेली नाही. नाके गेले, त्यांच्या जागी घड्याळ आले.

हे घड्याळ म्हणजे ई-वे बिल. आंतरराज्य वाहतुकीला ते १ एप्रिल २०१८ पासून लागू झाले. प्रारंभी दर शंभर किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत होती. १ जानेवारी २०२१ पासून ती दर दोनशे किलोमीटरला एक दिवस करण्यात आली. ट्रक बिघडला, घाटात कोंडी झाली, पूल वाहून गेला, तरी हे घड्याळ थांबत नाही. मुदत संपण्याच्या आधीच्या वा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेण्याची सोय आहे, परंतु ती वाढवावयाची कोणी? रात्री दोन वाजता आदिलाबादच्या पुढे रस्त्यावर उभ्या असलेल्या चालकाने हिंगणघाटच्या मुनिमाला उठवावयाचे, की स्वतः भ्रमणध्वनीवर धडपडावयाचे? चुकले तर दंडाची टांगती तलवार आहेच. मालाला मुदत आहे, पण ज्या मार्गावरून तो जावयाचा त्या मार्गाला मुदत नाही. रस्ता बंद राहिल्याबद्दल कोणतेही खाते कोणालाही दंड देत नाही.

रेल्वेच्या बाबतीत हीच विषमता अधिक जुनी आणि अधिक खोल आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन प्रमुख लोहमार्ग वर्धा-सेवाग्राम परिसरात एकत्र येतात. देशाच्या नकाशावर याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली ती याच जिल्ह्यातून, आणि तिला इकडे ओढून आणण्यात वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचा वाटा मोठा होता. हिंगणघाटच्या कापसाचे नाव परदेशच्या बाजारात माहीत होते. पुढे पुलगाव-आर्वी ही अरुंद रुळांची गाडीही कापसासाठीच धावू लागली. त्या काळी व्यापारी मालधक्क्यावर जाऊन दहा गाठी नोंदवू शकत असे, एखादी वाघीण मागू शकत असे.

आज तो मालधक्क्यावर गेला तर त्याला पूर्ण रेक मागावा लागेल. ऐंशीच्या दशकापासून रेल्वेने सुट्या मालाची आणि एकेकट्या वाघिणींची वाहतूक टप्प्याटप्प्याने गुंडाळली. चाळीसेक बंद वाघिणींच्या गाडीत अडीच हजार टन माल मावतो. म्हणजे जवळजवळ पंधरा हजार गाठी. कोणता जिनवाला एका दिवशी एका गावाला पंधरा हजार गाठी पाठवितो? साहजिकच गाठी ट्रकने जातात, आणि फाटकापाशी थांबलेल्या ट्रकसमोरून कोळशाच्या गाड्या जातात. १९५०-५१ साली देशातील मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा ऐंशी टक्क्यांहून अधिक होता, तो आता तीस टक्क्यांच्या आसपास आला आहे. याचा दोष केवळ ट्रकवाल्यांच्या चलाखीला देणे हा रेल्वेचा आवडता युक्तिवाद आहे. वस्तुतः लहान गिऱ्हाइकाला रेल्वेने स्वतःच दारातून परत पाठविले. पूर्ण रेक मागणाऱ्यालाही वागणूक बरोबरीची नाहीच: माल उतरविण्यास ठराविक तासांपेक्षा उशीर झाला की डेमरेज आकारले जाते, मात्र गाडी अमुक दिवशी पोचेल अशी हमी सामान्यतः मिळत नाही. २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत वीजकेंद्रांच्या कोळशासाठी प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द झाल्या. जेथे प्रवाशांची ही कथा, तेथे गाठींना कोण विचारतो?

सुटा माल रेल्वेला परवडत नाही म्हणावे, तर १४ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूरहून दिल्लीच्या आदर्शनगरला संत्री घेऊन किसान रेल निघाली होती. थोडाही माल घेण्याची तिला मुभा होती आणि भाड्यात निम्मी सवलत होती. कारंजा-आष्टीच्या संत्रा बागाईतदाराला अशीच गाडी हवी होती. त्याचा माल कापसासारखा थांबत नाही, नासतो. सवलत संपली आणि त्या गाड्याही विरळ होत गेल्या.

युरोपात सारे आलबेल आहे, असे समजण्याचे कारण नाही. १२ ऑगस्ट २०१७ रोजी जर्मनीत राश्टाट येथे बोगद्याचे काम चालू असताना वरचे रूळ खचले आणि ऱ्हाईन खोऱ्यातील प्रमुख लोहमार्ग २ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. शेजारी फ्रान्समध्ये रूळ होते, पण त्या मार्गाची आणि फ्रेंच भाषेची परीक्षा उत्तीर्ण झालेले चालक पुरेसे नव्हते. मालगाड्या नियमांमुळे खोळंबल्या! मात्र पुढच्याच वर्षी तेथील रेल्वे व्यवस्थापनांनी एकत्र येऊन अशा प्रसंगी कोणता पर्यायी मार्ग, कोणी, कसा खुला करावयाचा याची नियमावली तयार केली. मार्गावरही काही जबाबदारी टाकता येते, एवढे त्यावरून दिसते.

ट्रकचालकांविषयीचे तेथील नियम तर कडक आहेत. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा. साडेचार तासांनंतर पाऊण तास विश्रांती. आणि हे सारे नोंदविणारे यंत्र गाडीतच बसविलेले. आठवड्याची नियमित दीर्घ विश्रांती गाडीच्या केबिनमध्ये घेता येत नाही. २०२० च्या सुधारणांत ट्रक दर आठ आठवड्यांनी मूळ देशी परत आणण्याचीही सक्ती होती. पूर्व युरोपातील देश न्यायालयात गेले आणि ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने बहुतेक तरतुदी कायम ठेवून ही एक सक्ती मात्र रद्द केली. कारण लक्षणीय आहे: तिचे परिणाम तपासण्यास पुरेशी माहिती कायदेमंडळाने जमविली होती, असे दिसून आले नाही. आमच्याकडे कलम १०६ (२) बाबत हा प्रश्न संसदेत नव्हे, रस्त्यावर विचारला गेला.

आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा ही मर्यादा आपल्याकडेही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने घालून दिली होती. नागपूर ते कोइम्बतूर पट्ट्यातील कोणत्याही ढाब्यावर ती वाचून दाखविली, तर लोक करमणूक म्हणून ऐकतील. चालकाला थकवा येऊ नये म्हणून नियम करावयाचा, पण झोपण्यास सुरक्षित जागा द्यावयाची नाही आणि ई-वे बिलाची मुदत मात्र पळती ठेवावयाची. मग तो झोपणार केव्हा?

समृद्धी महामार्ग सेलू-आर्वी तालुक्यांतून गेला. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मुंबई जवळ आली, हे खरे. पण दक्षिणेकडील गिरण्यांना जाणारी रुई त्या रस्त्याने जात नाही, आणि पथकराचा आकडा पुन्हा त्या वजाबाकीतच जाऊन बसतो. अधिक लक्ष द्यावे असे ठिकाण सिंदी (रेल्वे) हे आहे. जवाहरलाल नेहरू बंदराने तेथे ड्राय पोर्टसाठी जागा घेतली आणि २०१७ साली पायाभरणी झाली. एका कंटेनरमध्ये सव्वाशे-दीडशे गाठी मावतात. म्हणजे पंधरा हजार गाठींची अट येथे दीडशेवर येते, आणि एखाद्या शेतकरी कंपनीलाही आपला कंटेनर पाठविणे शक्य होते. मात्र तेथून ठराविक वारी, ठराविक वेळी गाडी सुटणार काय, एका कंटेनरवाल्याला कोणता दर लागणार आणि गाडी उशिरा पोचली तर भाड्यातून काही परत मिळणार काय, हे त्या कामाच्या करारांतच लिहिले गेले पाहिजे. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी या तीन कलमांचा आग्रह आताच धरावा.